रॉबर्टसनची भुताटकी

इ. स. १७९८ च्या जानेवारी महिन्यांत, तेविसाव्या तारखेला, पॅरिसमधील एका सभागृहांत कांहीं नागरिक पैसे मोजून भुतें पाहावयास गेले. फ्रान्सची राज्यक्रान्ति होऊन आठ-नऊ वर्षें लोटलीं होतीं. ज्या दहशतीच्या काळांत गिलोटीनचें पातें दिवसामागून दिवस खालीं येत होतें, तो काळ सरून पुरीं चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. राजा गेला, राणी गेली, आणि त्यांना वधस्तंभाकडे पाठविणारेहि पुढें त्याच वाटेनें गेले. पॅरिसमधील पुष्कळ घरांत एखादी जागा कायमची रिकामी झालेली होती. अशा लोकांपुढें मेलेल्यांना उभें करून दाखविण्याचें ज्यानें जाहीर केलें होतें, त्याचें नांव रॉबर्टसन.

त्यानें जें उभें केलें तें केवळ प्रकाशाचें होतें आणि दिवा विझतांच तें नाहींसें झालें. असें असूनहि आज सव्वादोनशें वर्षांनंतर त्याच्या पडद्याची लांबीरुंदी, त्याच्या कंदिलाचीं चाकें आणि त्याच्या प्रेक्षकांची घाबरगुंडी यांची बारीकसारीक माहिती उपलब्ध आहे. ती कशी उपलब्ध झाली, हाच या इतिहासांतील खरा मनोरंजक भाग होय. कारण ज्या माणसानें आपलें गुपित जिवापाड जपलें, त्याच्याच हातून तें उघडें झालें. आणि उघडें झालें म्हणूनच टिकलें.

या गृहस्थाचें मूळ नांव एत्येन-गास्पार रोबेर. त्याचा जन्म हल्लींच्या बेल्जममधील ल्येज या गांवीं इ. स. १७६३ मध्यें झाला. लहानपणापासून त्याला दोन नाद होते. एक चित्रकलेचा आणि दुसरा पदार्थविज्ञानाचा. चित्रकार म्हणून नशीब काढावें या हेतूनें तो १७९१ त पॅरिसला आला, आणि तेथें झाक शार्ल या प्रसिद्ध शास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकूं लागला. हायड्रोजन वायु भरलेल्या विमानांतून म्हणजे बलूनमधून १७८३ त आकाशांत गेलेला शार्ल तो हाच. रोबेरनें पुढें आपल्या नांवाला इंग्रजी शेपूट जोडून रॉबर्टसन असें भारदस्त नांव धारण केलें. त्याच्या डोक्यांत कल्पनांना तोटा नव्हता. १७९६ त त्यानें फ्रेंच सरकारकडे अशी योजना मांडली कीं, आर्किमिडीजच्या दंतकथेंतल्याप्रमाणें मोठमोठे आरसे उभारून सूर्यकिरण एकवटावे आणि इंग्रजांचें आरमार जाळून टाकावें. सरकारनें या योजनेला नकार दिला. आरमार जाळण्याचें राहिलें. परंतु प्रकाश हवा तेथें नेऊन पाडण्याचा ध्यास मात्र त्याच्या मनांतून गेला नाहीं.

हा ध्यास ज्या यंत्रांत मुरला तें यंत्र कांहीं त्याचें नव्हे. ज्याला पुढें आपल्याकडे जादूचा कंदील म्हणूं लागले, तो रॉबर्टसनपूर्वीं सव्वाशें-दीडशें वर्षें युरोपांत होता. पेटींत दिवा ठेवावयाचा, दिव्यापुढें रंगीत चित्राची कांच उलटी धरावयाची आणि कांचेपुढें भिंग बसवून त्या चित्राची मोठी आकृति भिंतीवर पाडावयाची, अशी त्याची साधी रचना. हॉलंडमधील थोर गणिती क्रिस्तिआन ह्यूगेन्स यानें १६५९ च्या सुमारास या कंदिलासाठीं काढलेलीं रेखाटनें उपलब्ध आहेत. त्या रेखाटनांत एक हाडांचा सांगाडा आपलें डोकें काढून हातांत घेत आहे! म्हणजे कंदील जन्मला तोच भुताला कडेवर घेऊन. शनीच्या कड्याचा उलगडा करणाऱ्या या विद्वानाला पुढें आपल्या या खेळण्याची लाज वाटूं लागली. १६६२ त त्याच्या वडिलांनीं असा एक कंदील फ्रान्सच्या राजदरबारीं दाखविण्यासाठीं मागितला, तेव्हां त्यानें तो पाठविला खरा. पण त्यांतलें एक भिंग गुपचूप काढून ठेव, म्हणजे तो चालणार नाहीं, असें आपल्या भावास लिहिलें. विद्येच्या प्रांतांत ज्याला मान नव्हता तो कंदील मग जत्रेंत गेला. पाठीवर पेटी घेऊन गांवोगांव हिंडणारे खेळिये तो दाखवूं लागले. दुसरीकडे अथानासिउस किर्खर या जेझुइट पंडितानें प्रकाश आणि छाया यांवरील आपल्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तींत त्याचें चित्र दिलें. किर्खरचा हा ग्रंथ रॉबर्टसननें मोठ्या आवडीनें वाचला होता.

कंदिलानें भुतें दाखविण्याची कल्पनाहि जुनीच. जर्मनींतील लाइप्झिग शहरीं श्रेप्फर नांवाचा एक कॉफीगृहाचा मालक मृतात्म्यांना बोलावण्याचे प्रयोग करीत असे. १७७४ त त्यानें आत्महत्या केली. त्यानंतर फिलिडोर नांवाच्या खेळियानें १७९२ त पॅरिसमध्येंच असे प्रयोग केले आणि त्यांना ‘फांतास्मागोरी’ हें नांव दिलें. तेंच नांव रॉबर्टसननें आपल्या खेळास घेतलें. यंत्र दुसऱ्याचें, कल्पना दुसऱ्याची आणि नांवहि दुसऱ्याचें; मग रॉबर्टसनचें स्वतःचें काय होतें? त्याचें होतें तें या सर्वांची जुळणी करण्याचें कसब. तें कसब काय होतें हें समजण्यास पडद्याच्या पलीकडे जाऊन पाहिलें पाहिजे.

जत्रेंतील कंदीलवाला प्रेक्षकांच्या मधोमध उभा राही. त्यामुळें पेटी दिसे, माणूस दिसे, प्रकाशाचा झोतहि दिसे. मग भुताची भीति कसली वाटणार? रॉबर्टसननें कंदील उचलून पडद्याच्या मागें नेला. पडदा बारीक सुती कापडाचा, सुमारें वीस फूट लांब व तितकाच रुंद होता, आणि प्रकाश आरपार दिसावा म्हणून त्याला खळ लावून अर्धपारदर्शक केलेलें होतें. प्रेक्षक आंत येत तेव्हां तो दुसऱ्या काळ्या पडद्यानें झांकलेला असे. दिवे मालवल्यावर काळा पडदा अंधारांत बाजूला होई, आणि समोर कांहीं पडदा आहे याची लोकांना दादच लागत नसे.

दुसरी युक्ति कांचांची. साध्या कंदिलाच्या चित्राभोंवतीं प्रकाशाचें एक पांढरें वर्तुळ पडतें. रॉबर्टसन आकृतीभोंवतालची सगळी कांच दाट काळ्या रंगानें लिंपून टाकी. त्यामुळें वर्तुळ नाहींसें होऊन केवळ आकृति तेवढी उरे, आणि ती भिंतीवर नसून अंधारांत अधांतरीं तरंगत आहे असें वाटे.

तिसरी युक्ति सर्वांत महत्त्वाची. त्याचा कंदील जमिनीवर स्थिर नव्हता; तो चाकांच्या घोडीवर बसविलेला असून रुळांवरून मागेंपुढें सरके. कंदील पडद्यापासून दूर नेला कीं आकृति मोठी होते, जवळ आणला कीं लहान होते. पलीकडे काळोखांत बसलेल्या माणसाला अंतर समजण्यास दुसरें कांहींच साधन नसल्यामुळें वाढणारी आकृति वाढत आहे असें न वाटतां ती आपल्या अंगावर चालून येत आहे असें वाटे. परंतु येथें दोन अडचणी होत्या. अंतर बदललें कीं आकृति पुसट होते. म्हणून भिंगाची नळी दंतुर पट्टीवर बसवून ती त्याच क्षणीं नेमकी तितकीच मागेंपुढें करावी लागे. शिवाय कंदील दुप्पट दूर गेला म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून चौथाईइतका मंद होतो. म्हणजे भूत जवळ यावें तसें अंधुक व्हावें, आणि दूर जावें तसें झगझगीत व्हावें, अशी उलटी गंगा वाहूं लागे. त्यावर उपाय म्हणून भिंगापुढें उघडझांप करणारी झडप बसविली होती. कंदील जवळ असतां ती मिटत जाई, दूर जाऊं लागला म्हणजे उघडत जाई. अंधारांत, चाकांचा आवाज होऊं न देतां, एका हातानें घोडी ढकलावयाची आणि दुसऱ्या हातानें भिंग व झडप सांभाळावयाची! या यंत्राला त्यानें ‘फांतास्कोप’ असें नांव दिलें. जें भूत पाहून लोक किंचाळत, तें वस्तुतः पडद्यामागें घामाघूम झालेल्या माणसाच्या हातांचें कौशल्य होतें.

या डोळ्यांच्या फसवणुकीला कानांचीहि जोड होती. बेंजामिन फ्रँक्लिननें १७६१ च्या सुमारास तयार केलेल्या कांचेच्या वाद्याचे, म्हणजे ग्लास हार्मोनिकाचे, करुण सूर कोठून तरी येत. मेघगर्जना होई, पाऊस पडे, घंटा वाजे. पुढें पुढें आपला आवाज दुसरीकडून काढणाऱ्या एका कलावंताचीहि त्यानें मदत घेतली.

या खेळांच्या एका रात्रीचें वर्णन ‘लामी दे ल्वा’ या पत्रांत मार्च १७९८ मध्यें आलें. लिहिणारा पुल्तिए हा त्या पत्राचा संपादक असून उपरोधाबद्दल प्रसिद्ध होता. त्यामुळें त्याचें वर्णन चिमूटभर मीठ घालूनच वाचावें लागतें. तो सांगतो तें असें : साठसत्तर मंडळी जमलीं होतीं. बरोबर सातच्या ठोक्याला एक फिकट, कृश मनुष्य आंत आला, त्यानें मेणबत्त्या मालवल्या, आणि आपण मृतांना उठविण्याचें वचन दिलें आहे तें पाळणार, ज्याला आपलें जें माणूस पाहावयाचें असेल त्यानें सांगावें, असें तो म्हणाला. विस्कटलेल्या केसांच्या एका इसमानें मारा या क्रान्तिकारक पुढाऱ्याची छाया मागितली. रॉबर्टसननें पेटत्या शेगडींत रक्त, तेजाब आणि एका जहाल वर्तमानपत्राचे दोन अंक टाकले. आणि धुरांतून हातांत खंजीर व डोक्यावर तांबडी टोपी असलेली एक भेसूर आकृति वर आली. तो इसम तिला कवटाळावयास धांवला, तोंच ती दांत विचकून नाहींशी झाली. मग एका तरुणानें एका स्त्रीचें लहानसें चित्र पुढें केलें. ती त्याची प्रिया होती, आणि ती या जगांत नव्हती. शेगडींत पिसें, फुलपाखरें आणि फॉस्फरस पडलीं. मोकळ्या केसांची एक तरुणी अंधारांत दिसूं लागली आणि त्या तरुणाकडे पाहून विषण्ण हंसली.

पुल्तिएच्या या लेखांत अतिशयोक्ति किती आणि सत्य किती याचा हिशेब करणें कठीण नाहीं. ज्याची कांच आधीं रंगवून तयार नाहीं तो मृत कोणाच्याहि हांकेला येणें शक्य नव्हतें. आणि म्हणून मागणारा इसमहि पुष्कळदां आधींच ठरलेला असला पाहिजे. परंतु धुरावर आकृति पाडण्याची युक्ति खरी होती. मारा, व्हॉल्तेर, रूसो यांच्या छाया दाखविल्या जात हेंहि खरें. आणि ज्याचें माणूस नुकतेंच गेलें आहे तो काळोखांत काय पाहूं इच्छितो, हें रॉबर्टसन पुरतें ओळखून होता यांत संशय नाहीं.

त्याच वर्णनांत पुढें असें आहे कीं, एका राजनिष्ठ माणसानें सोळाव्या लुईला बोलावण्याची मागणी केली. सभेंत शांतता पसरली. रॉबर्टसन मोठा हजरजबाबी. राजांना परत आणण्याची विद्या आपणांस पूर्वीं येत होती, पण सरकारनें गेल्या सप्टेंबरांत राजपक्षाचा बंदोबस्त केल्यापासून आपण ती विसरलों, आणि आतां फ्रान्सचे राजे परत येणें शक्य नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. उत्तर चतुर होतें. पण पोलिसांना तें पुरेसें वाटलें नाहीं. जो मनुष्य मेलेल्यांना उठवतो तो मेलेल्या राजालाहि उठवील, ही शंका त्या सरकारला कांचेच्या तुकड्याची देखील भीति वाटावयास पुरेशी होती. खेळ बंद झाला, सामानास मोहोर लागली, आणि रॉबर्टसन कांहीं काळ बोर्दो शहरीं निघून गेला.

तो परत आला तेव्हां त्याचे दोन जुने साहाय्यक त्याच्यावांचूनच खेळ चालवीत असल्याचें त्यास आढळून आलें. पडद्यामागें जो घोडी ढकलतो त्याला घोडीचें गुपित कळणारच. मालकाची सारी जादू नोकराच्या हातांतून जात होती. रॉबर्टसननें नवी जागा शोधली. प्लास व्हांदोमजवळ कपुसीन पंथाच्या जोगिणींचा एक जुना मठ क्रान्तींत ओस पडलेला होता. १७९९ च्या जानेवारींत त्यानें तेथें खेळ मांडला, आणि येथें त्याच्या प्रतिभेला पूर्ण वाव मिळाला. प्रेक्षकांना एकदम पडद्यापुढें बसवावयाचें नाहीं. आधीं थडग्यांच्या बाजूनें, अंधाऱ्या ओंवऱ्यांतून न्यावयाचें, मग विजेचे आणि आरशांचे चमत्कार मांडलेल्या दालनांतून फिरवावयाचें, आणि मन पुरतें हळवें झाल्यावर आंतल्या दालनाचें दार उघडावयाचें. दिव्याचा खेळ दारापासूनच सुरूं होई. पडद्यावर तो फक्त संपे.

येथें रॉबर्टसनच्या स्वभावांतील एक विरोध सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तो स्वतःला भगत किंवा मांत्रिक म्हणवीत नसे. भुतेंखेतें खोटीं आहेत, धर्माच्या नांवाखालीं शतकानुशतकें लोकांना असल्याच युक्त्यांनीं भिवविण्यांत आलें, ती भीति घालविण्यासाठींच आपण हे प्रयोग करतों, असें तो प्रेक्षकांस सांगे. खेळाच्या अखेरीस चौथऱ्यावर उभा केलेला एका तरुणीचा सांगाडा उजेडांत दाखवून, भूत खोटें असलें तरी हा शेवट मात्र सर्वांचा खरा आहे, असा बोधहि तो करी. शब्द सुधारकाचे होते. पण ज्याला भीति घालवावयाची आहे त्यानें पडदा बाजूला सारून कंदील दाखवावयास नको काय? पहाटेपर्यंत झोंप न येणाऱ्या बाईला भुतें नसतात एवढें सांगून काय उपयोग? तिला चाकें दाखविलीं पाहिजेत, भिंग दाखविलें पाहिजे. तें रॉबर्टसन करीत नसे. कारण चाकें दाखविलीं तर दुसऱ्या दिवशीं तिकीट कोण काढणार? ज्ञानाचा उपदेश एका तोंडानें आणि गुपिताचा व्यापार दुसऱ्या हातानें, अशी ही कसरत होती. त्याला ढोंगी म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण कलेवर पोट असलेल्या कोणत्या माणसाला हा प्रश्न पडत नाहीं?

हें गुपित कायद्याच्या कुलपांत ठेवावें म्हणून त्यानें फांतास्कोपच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि १७९९ च्या मार्चमध्यें त्याला पेटंट मिळालें. परंतु पेटंट ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. कायद्याचें संरक्षण हवें असेल तर यंत्राचें वर्णन लिहून द्यावें लागतें. म्हणजे कुलूप मिळविण्यासाठीं किल्लीच दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागते. त्यावर कडी म्हणून रॉबर्टसननें आपल्या त्या जुन्या साहाय्यकांना न्यायालयांत खेंचलें. न्यायाधीशापुढें भुतांची साक्ष चालत नाहीं. अमुक युक्ति माझी आहे असें म्हणावयाचें तर ती युक्ति काय आहे हें सांगितलें पाहिजे. आणि प्रतिपक्ष म्हणणार कीं यांत नवें काय, हें तर जुन्या पुस्तकांत आहे. वादींनीं आणि प्रतिवादींनीं मिळून कंदील, रूळ, भिंग, काळी कांच, पारदर्शक पडदा हें सारें भर न्यायालयांत उलगडून ठेवलें. जें पॅरिसच्या लोकांना दीड वर्ष काळोखांत कळलें नव्हतें तें खटल्यानें दिवसाढवळ्या कळविलें.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. पॅरिसमध्यें जिकडे तिकडे फांतास्मागोरीचे खेळ निघाले. १८०१ त लंडनच्या लायसियम नाट्यगृहांत तो खेळ सुरूं झाला. तो दाखविणारा पूर्वींचा फिलिडोरच असून आतां तो फिलिपस्थाल या नांवानें वावरत होता. तेथें मात्र एक वेगळ्याच प्रकारचा प्रेक्षक बसला होता. विल्यम निकल्सन हा इंग्रज शास्त्रज्ञ किंचाळण्यासाठीं आला नव्हता. तो पडदा कसला आहे, आकृति लहानमोठी कशी होते, प्रकाश कोठून येतो, हें पाहात होता. १८०२ त त्यानें आपल्या शास्त्रीय मासिकांत त्या खेळाचें वर्णन छापलें. पुढें १८३२ त सर डेव्हिड ब्रूस्टर यानें नैसर्गिक जादूवरील आपल्या पत्ररूप ग्रंथांत या यंत्राची फोड तर केलीच, पण त्यांतील उणीवाहि दाखविल्या. म्हणजे रॉबर्टसन जें बोलला पण केलें नाहीं, तें या लोकांनीं केलें. त्यांनीं चाकें दाखविलीं.

रॉबर्टसनचें पुढील आयुष्य भटकंतीचें झालें. १८०३ च्या जुलैंत हाम्बुर्ग येथें त्यानें बलूनमधून उंच उड्डाण केलें. पुढें तो रशियांत गेला. इकडे तो मठहि जमीनदोस्त झाला आणि त्या जागेवरून १८०६ त नवा रस्ता निघाला. पडदे फाटले, कांचा फुटल्या. शेवटीं साठी उलटून गेलेल्या या माणसानें, ज्यानें एके काळीं गुपितासाठीं खटले लढविले, त्यानेंच लेखणी हातीं घेतली. त्याच्या आठवणींचे दोन भाग १८३१ आणि १८३३ त प्रसिद्ध झाले. त्यांत त्यानें मठाच्या ओंवऱ्या, दालनें, पडद्याचें कापड, खेळांचे विषय, प्रेक्षकांचे प्रकार, सर्व कांहीं वर्णन करून ठेवलें आहे. वयोवृद्ध कलावंताच्या आत्मकथनांत जी आत्मस्तुति असावयाची ती आहे. स्वतःची बाजू उजळ करण्याचा यत्न आहे. पण पुल्तिएचें वर्तमानपत्र, सरकारी दप्तरांतील पेटंट, न्यायालयांतील वाद, निकल्सनचें मासिक आणि या आठवणी असे पांच साक्षीदार समोरासमोर उभे केले म्हणजे एकाची बढाई दुसरा कापतो, एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वर्तमानपत्रांत प्रेक्षकाचे डोळे आहेत, पेटंटांत यंत्राचें अंग आहे, खटल्यांत पैशाचा तंटा आहे, शास्त्रज्ञाच्या टिपणांत मोजमाप आहे, आणि म्हाताऱ्याच्या आठवणींत त्या सर्वांमागचें मन आहे. यांतला कोणताहि एकच कागद उरला असता तर रॉबर्टसन एक तर मांत्रिक ठरला असता, नाहीं तर ठक.

गुपित फुटल्यामुळें कंदिलाचें नुकसान झालें नाहीं. उलट एकोणिसाव्या शतकांत त्याचे कारखाने निघाले, शाळांतून आणि व्याख्यानगृहांतून तो भूगोल व ज्योतिष शिकवूं लागला, आणि समुद्र ओलांडून हिंदुस्थानांतहि आला. मुंबईजवळ कल्याण येथें महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास आपला कंदिलाचा खेळ सुरूं केला आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असें अस्सल घरचें नांव दिलें. शंबर हा पुराणांतला मायावी असुर; शांबरी म्हणजे त्याची माया. एकाहून अधिक कंदील एकाच वेळीं चालवून, हातांनीं रंगविलेल्या कांचांतून रामायण-महाभारतांतील प्रसंग ते पडद्यावर हालतेचालते करीत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं प्रथम दाखविलीं गेलीं, त्यापूर्वींची ही गोष्ट. पटवर्धनांच्या मुलांनीं हा खेळ पुढें चालविला, आणि त्या रंगीत कांचा घरांत जपून ठेवल्या. पॅरिसच्या मठांत जी गोष्ट कागदांनीं केली ती कल्याणच्या वाड्यांत घरच्या माणसांनीं केली. त्यांनीं माया दाखविणारा हात गेल्यावरहि ती कशी केली याची खूण मागें ठेवली.

आज राजवाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंतींवर विजेच्या दिव्यांनीं प्रचंड चित्रें पाडलीं जातात. भिंतच हालते आहे, खांबच विरघळत आहेत, असा भास होतो. यंत्रें बदललीं, पण मूळ प्रश्न तेच आहेत : आकृति कोठून पाडावी, किती अंतरावरून, प्रेक्षकाला काय दिसूं द्यावें आणि काय झांकावें. आणि सकाळ झाली कीं ती भिंत पुन्हां कालची भिंत होते, हेंहि तेंच आहे. म्हणून यांतले शहाणे कलावंत आपल्या कामाचा प्रत्येक टप्पा टिपून ठेवतात. आराखडा, मोजमाप, फसलेला प्रयत्न, सुधारलेली चूक, सर्व कांहीं. तें दुसऱ्यांस उघड करण्यास ते कचरत नाहींत. रॉबर्टसनला जें शिकण्यास तीस वर्षें आणि एक खटला लागला, तें त्यांना आधींच कळलेलें आहे.

रॉबर्टसन १८३७ च्या जुलैंत पॅरिसमध्यें वारला. पेर लाशेज येथील दफनभूमींत त्याची मोठी समाधि आहे. तिच्या एका बाजूस आकाशांत चढणारें बलून कोरलेलें आहे. दुसऱ्या बाजूस त्याचा खेळ कोरलेला आहे : पंख फुटलेलीं भुतें आणि सांगाडे अंगावर येत आहेत, आणि स्त्रीपुरुषांची गर्दी भयानें मागें रेलली आहे. पाथरवटानें भुतें कोरलीं, प्रेक्षक कोरले. पण कंदील कोरला नाहीं. तो पाहावयाचा असेल तर समाधीपाशीं जाऊन उपयोग नाहीं, त्यासाठीं तीं जुनीं कागदपत्रेंच उघडावीं लागतात.